नीरा दप्तरदारचं अक्षर

नीरा दप्तरदारला शेवटी वेड लागलं होतं, असं म्हणणारे अजून बडोद्यात आहेत. त्यांना एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मी राजेश्वरी मोहिते, तोंडाची फटकळ म्हणून तरसालीत प्रसिद्ध आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. नीरा आणि मी एकाच मराठी शाळेत आयुष्य घालवलं. तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मधली भिंत इतकी पातळ की तिची मुलं पाढे म्हणायची आणि माझी मुलं इकडे डुलायची.

तिचं अक्षर म्हणजे काय होतं, ते आता कसं सांगू? शाळेत कुणी निवृत्त झालं की मानपत्र नीरा लिहायची. कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर आधी नीराकडून लिहून घ्यायचा आणि मग त्याचा ब्लॉक करून छापायचा, अशी पद्धतच पडली होती. माझ्या घरातल्या लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा तिच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. गावभरच्या लग्नांच्या पत्रिका लिहिल्या, स्वतःची मात्र नाही. तेही सांगते.

दप्तरदार म्हणजे जुन्या राज्याच्या कारभारातले ब्राह्मण. आम्ही मोहिते पागेतले मराठे. राज्य कधीच संपलं, घोडे गेले, दप्तरं गेली, पण मनातलं जातं का? नीराची धाकटी बहीण कांचन माझ्या भावाबरोबर, समरजितबरोबर, पळून गेली आणि दोघांनी कोर्टात लग्न केलं. अडुसष्ट सालची गोष्ट. दप्तरदारांच्या घरात कांचनच्या नावानं आंघोळ केली. जिवंत पोरीच्या नावानं! नीराचं तेव्हा पुण्याचं एक स्थळ जुळत आलं होतं, साखरपुड्याची साडीही घेतलेली. ते स्थळ आठ दिवसांत मोडलं, आणि मग दुसरं कुणी आलंच नाही.

तिचा थोरला भाऊ वामनराव ही गोष्ट तिला आयुष्यभर ऐकवत आला. "तुझं वाटोळं कुणी केलं, ते विसरू नकोस." नीरा ऐकून घ्यायची आणि भाजी चिरत राहायची. ती राहायला भावाकडेच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. पण कांचनला तिनं एका शब्दानं कधी दोष दिला नाही. आई लवकर गेली, तेव्हा कांचन पाटीवर रेघोट्या मारत होती. नीरानंच तिचा हात धरून तिला अक्षरं गिरवायला शिकवलं. त्यामुळे कांचनवहिनीचं अक्षर हुबेहूब नीरासारखं. आमच्या घरी किराण्याची यादी लिहायची तीसुद्धा इतकी देखणी की वाण्याला कागद फेकवत नसे.

दोघी बहिणी भेटायच्या, पण छानामाना, लपूनछपून. ठिकाण मांडवीतलं एक बांगड्यांचं दुकान. दोघींनी गिऱ्हाईक म्हणून शेजारी शेजारी बसायचं, बांगडीवाल्यापुढे हात करायचे आणि मान न वळवता बोलायचं. मी असायची कधी कधी. अगदी चोरट्या प्रेमिकांसारख्या बोलायच्या, मेल्या! एकदा त्या म्हाताऱ्या बांगडीवाल्यानं सहज विचारलं, "तमे बे बेनो छो?" दोघी बहिणी आहात का म्हणून. दुकानात दप्तरदारांच्या ओळखीचं कुणीतरी बसलं होतं. नीरा पटकन म्हणाली, "ना रे ना." कांचनवहिनीनं हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या आणि न घेताच उठली. पुढच्या महिन्यात परत आली, तो विषय निघाला नाही. पण मी तिचा चेहरा पाहिला होता.

नव्वद साल ओलांडलं आणि सगळ्यांनाच काही ना काही सुचायला लागलं. कुणी केबल घेतली, कुणी मुलाला अमेरिकेला धाडलं. दप्तरदारांनी दांडिया बाजारातलं भाड्याचं घर सोडून गोत्रीला सोसायटीत बंगला बांधला. वामनराव निवृत्त झाले होते, वेळ जाता जात नव्हता, म्हणून त्यांनी कुलवृत्तान्ताचं काढलं. दप्तरदार कुळातल्या साऱ्या माणसांची नोंद: कोण कुणाचा, काय शिकला, कुठे राहतो, लग्न कुणाशी. आपल्या लोकांत तेव्हा ही साथच आली होती. शेजारच्यांचा कुलवृत्तान्त निघाला ना, मग आमचा त्याहून जाड हवा.

आणि तो कसा हवा? तर नीराच्या अक्षरात. आमच्या घराण्याची ओळखच अक्षर, असं वामनराव म्हणायचे. आता तीनशे पानं हातानं लिहायची म्हणजे खायचं काम आहे का? नीराची बोटं तेव्हा सांध्यांत धरायला लागली होती. मग पुढे आला देवेंद्र, वामनरावांचा मुलगा. त्यानं मांडवीजवळ कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं, पत्रिका-पुस्तकं जुळवून द्यायचा. तो म्हणाला, "आत्या, तू प्रत्येक अक्षर एकदाच लिही. मी ते कॉम्प्युटरमध्ये घालून फॉन्ट बनवतो. मग मी टाइप करणार आणि अक्षर उमटणार तुझं."

नीरानं त्याला तीन-तीनदा विचारून समजून घेतलं. मास्तरीणच ती. मग तिनं दोन अटी घातल्या. पहिली अट, कांचनचं नाव ग्रंथात आलं पाहिजे. दुसरी अट, हा फॉन्ट या एकाच ग्रंथापुरता. छापून झालं की पुसून टाकायचा. "माझ्या अक्षरात उद्या कुणी काय वाट्टेल ते लिहील," असं ती म्हणाली. देवेंद्र हसला. वामनराव हसले नाहीत. ते झोपाळ्यावर बसले होते. पाय थांबवून म्हणाले, "बरं. नाव येईल. दिला शब्द."

नीरा दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती उडतच. मधल्या सुट्टीत मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "राजेश्वरी, कांचनचं नाव येणार! दादा हो म्हणाला!" तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "छापून येऊ दे, मग नाच." पण खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं माझ्या वहिनीला माहेर नव्हतं. आमच्याकडे सणासुदीला बाकीच्या बायका माहेरची साडी नेसून यायच्या आणि ही स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसायची. पुस्तकात एक ओळ येणार, म्हणजे तिला माहेर मिळणार, इतका सरळ हिशेब होता. ती ओळ आम्हा तिघींना हवी होती, आणि नीराला सगळ्यांत जास्त.

मग तिनं अक्षरं लिहायला घेतली. कट निबचा टाक, काळी शाई, जाड पांढरे कागद. नुसता क आणि ख लिहून भागत नाही. अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, वेलांट्या, मात्रा, रफार, सगळं सुटं सुटं. दिवाळीपासून होळीपर्यंत लिहीत होती. ळ मनासारखा येईना म्हणून चिडायची. बोटांना गरम मिठाच्या पाण्याचा शेक घ्यायचा आणि परत बसायचं. मधल्या सुट्टीत कागद घेऊन माझ्या वर्गात यायची, "यातला ह बघ, पोट फार सुटलंय का?" मी म्हणायची, "तुझ्या दादापेक्षा कमीच आहे." अशी खळखळून हसायची ती तेव्हा!

फॉन्ट तयार झाला त्या दिवशी देवेंद्रनं तिला दुकानात बोलावलं. मीही गेले. त्यानं कीबोर्डवर बोटं आपटली आणि पडद्यावर आलं, नीरा. तिच्याच हातचं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "कांचन लिही." त्यानं लिहिलं. नीरानं पुढे होऊन पडद्याला बोट लावलं. देवेंद्र म्हणाला, "आत्या, काचेला डाग पडेल." 

पुढे देवेंद्र पानं जुळवत गेला आणि एकेक गठ्ठा नीराकडे तपासायला यायचा. तिनं सगळा ग्रंथ शब्दन् शब्द वाचला. त्यांच्या घराचं पान मी स्वतः पाहिलं आहे. वामन, नीरा, कांचन, अशा एकाखाली एक तीन नोंदी. कांचनच्या नावापुढे स्वच्छ लिहिलं होतं, "विवाह समरजित मोहिते यांच्याशी. वास्तव्य तरसाली, बडोदे." नीरानं त्या पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली, सही केली आणि गठ्ठा परत दिला. इथेच फसली. का फसली, तर तिची सवय. उभ्या जन्मात तिनं जे लिहिलं ते तिच्याच हातानं लिहिलं. मानपत्रातला एक शब्द बदलायचा तरी लोकांना तिच्या दारात यावं लागायचं. तिच्या परवानगीवाचून तिच्या अक्षरात काना-मात्रा हलत नसे. आता तसं राहिलं नव्हतं, हे तिला कळत होतं, पण हाताला कळलं नव्हतं.

सत्याण्णवच्या डिसेंबरात प्रकाशन ठरलं, गोत्रीच्याच एका हॉलमध्ये. नीरा आदल्या आठवड्यात तरसालीला आमच्या घरी आली. उघड उघड, रिक्षातून, भर दुपारी, पहिल्यांदा. कांचनवहिनीला कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हणाली, "तुझ्या माहेरचं कार्य आहे. यायचंय." वहिनी तिच्या कुशीत शिरली. पन्नाशीची बाई! समरजित बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून बसला होता.

तो गेला नाही. म्हणाला, "तुम्ही बायका जा." वहिनीनं नवी नारायणपेठी घेतली होती. सकाळपासून तीनदा पदर बदलला. आम्ही दोघी मागच्या ओळीत बसलो. वामनराव दारात सगळ्यांना अत्तर लावत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. वहिनीच्याही हाताला अत्तर लावलं आणि हसून म्हणाले, "या." मी मनात म्हटलं, म्हातारा सुधारला! आता त्या हसण्याची आठवण आली तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

भाषणं झाली. देवेंद्रनं माइक घेतला आणि सांगितलं, "या ग्रंथातलं अक्षरन् अक्षर माझ्या नीराआत्याचं आहे." कॉम्प्युटरचं नाव नाही, फॉन्टचं नाव नाही. वामनराव म्हणाले, "माझ्या बहिणीनं बोटं दुखत असताना हे काम तडीस नेलं." टाळ्यांचा नुसता कडकडाट. नीरा व्यासपीठावर मान खाली घालून उभी होती, लाजत होती. मग प्रती वाटल्या. नीरा पेढ्यांचं ताट घेऊन ओळीओळीतून फिरायला लागली. तिनं अजून छापील प्रत उघडलीही नव्हती.

वहिनीनं प्रत घेतली, आपल्या घराचं पान शोधलं, वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, परत वाचलं. मला वाटलं आनंदानं. तेवढ्यात नीरा ताट घेऊन आमच्यापर्यंत आली. वहिनीनं वर बघितलं आणि विचारलं, "ताई, हे अक्षर तुझं आहे?"

"हो गं! माझंच," नीरा म्हणाली. "सगळं माझंच. पेढा घे ने."

वहिनीनं पुस्तक फिरवून तिच्यापुढे धरलं. वामन, नीरा, कांचन. कांचनच्या नावापुढे नीराच्या सुंदर, गोल, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "बालपणी निवर्तली."

नीराच्या हातून ताट पडलं नाही, तसलं काही झालं नाही. ती ताट घट्ट धरून उभी राहिली आणि तिची मान हलायला लागली, नाही नाही नाही म्हणून.  वहिनी उठली, पुस्तक पिशवीत घातलं आणि चालू पडली. मी मागे धावू की इथे थांबू? थांबले. सरळ वामनरावांकडे गेले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हे काय लिहिलंत हो? लाज वाटली नाही?"

"हळू बोला, मंगल कार्य आहे," कुणीतरी बाई म्हणाली.

वामनराव शांत होते. ते माझ्याशी बोललेच नाहीत, मागून आलेल्या नीराशी बोलले. "नाव हवं होतं ना तुला? नाव आहे. दिलेला शब्द मी मोडत नाही."

"मी तपासलेलं पान हे नव्हतं, दादा."

"मी सुधारलं. आपल्या घरात ती तेव्हाच गेली. बाबांनी आंघोळ केली होती, विसरलीस?"

नीरा देवेंद्रकडे वळली. तो खाली बघून म्हणाला, "बाबांनी सांगितलं, मी टाइप केलं. दोन मिनिटांचं काम, आत्या."

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भावाला शुद्धिपत्र छापायला सांगितलं, एक चिठ्ठी, प्रत्येक प्रतीत चिकटवायला. वामनराव म्हणाले, "कोणत्या अक्षरात? दुसऱ्या अक्षरातली चिठ्ठी माझ्या ग्रंथात लागणार नाही. आणि तुझा फॉन्ट देवेंद्रनं पुसला. तुझीच अट होती." खरोखरच पुसला होता. दोन्ही अटी त्यांनी अशा पाळल्या की देवसुद्धा बोट ठेवू शकला नसता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे!

नीरा म्हणाली, "फॉन्ट नसला तरी मी आहे ना."

आणि तिनं सुरू केलं. पिशवीत टाक, काळ्या शाईची बाटली, अर्धं ब्लेड आणि टिपकागद. दप्तरदार कुळाचं एकेक घर धरून निघायची. दारात उभी राहायची, "जरा आपली ग्रंथाची प्रत बघू." मग ब्लेडनं ते दोन शब्द हलके हलके खरवडायचे, नखानं कागद घोटायचा आणि त्या जागी लिहायचं, विवाह समरजित मोहिते यांच्याशी, वास्तव्य तरसाली. अक्षर तेच, शाई तशीच. वाळल्यावर छापलेलं कुठलं आणि लिहिलेलं कुठलं, सांगता येत नसे. त्यांचंच हत्यार तिनं त्यांच्यावर उलटवलं होतं. मला इतका आनंद झाला होता! मी तिच्याबरोबर हिंडले, उन्हातान्हात, रिक्षानं, बसनं.

पण माणसं! पहिली काही घरं बरी गेली. मग वामनरावांनी सगळीकडे फोन केले. नीराच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती येईल, तिला चहा द्या पण ग्रंथ देऊ नका. मग काय, नीरा आली की पुस्तक कपाटात. "वाचायला दिलंय," "अमेरिकेला पाठवलं," "सापडत नाही हो बाई." एका घरात तर पोरांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "आज कुणाला जिवंत करायला आलात?" आतली मोठी माणसं हसली. हिनंच त्या घरातल्या दोन लग्नांच्या पत्रिका लिहिल्या होत्या. नीरा वळली, फाटक नीट लावलं आणि पुढच्या घरी गेली. मी त्या पोरांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काही घरांत सुना मागच्या दारानं पुस्तक आणून द्यायच्या. "करा पटकन, सासरे झोपलेत." त्या बिचाऱ्यांना कळत होतं. वामनरावांच्या स्वतःच्या प्रतीतही तिनं केलंच, ते देवळात गेले असताना. पुढे कधीतरी पाहुण्यांना ग्रंथ दाखवताना त्यांनी ते पान उघडलं आणि पाहुण्यांसमोर देवेंद्रला झापलं, तू जुनंच पान छापलंस म्हणून. त्यांनाही ओळखता आलं नाही. तेवढा एक दिवस नीरा मनापासून हसली.

आणि कांचनवहिनी? तिनं दार बंद केलं होतं. नीरा तरसालीला आली की वहिनी मागच्या खोलीत जायची. मी तिला सगळं समजावलं. फॉन्ट म्हणजे काय, तो कसा बनतो, देवेंद्रनं काय केलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "वन्सं, ते अक्षर माझ्या पाटीवरचं आहे. मी विचारलं, तुझं का, तर ती हो म्हणाली."

"तिनं तेव्हा वाचलंच नव्हतं!"

"मांडवीत बांगडीवाल्यानं विचारलं, तेव्हा तर ऐकलं होतं ना तिनं? तेव्हाही ना म्हणाली." तिनं पातेलं उपडं घातलं. "आणि तुम्ही म्हणता तेच खरं धरू. लिहिलं दादानं. पण दादाच्या हातात आपला हात कुणी काढून दिला? त्या घरात राहून, त्यांना ओळखून?"

 मी नीराला यातलं काही सांगितलं नाही. समरजितनंही बायकोला समजावून पाहिलं. तो म्हणाला, "अगं, म्हातारी होत चालली ती, उन्हात फिरते तुझ्यासाठी." वहिनी म्हणाली, "फिरू दे."

दोन उन्हाळे असे गेले. नीराची बोटं वाकडी व्हायला लागली, तरी टाक धरला की अक्षर सरळ. मिळण्यासारख्या सगळ्या प्रती झाल्या होत्या. एकच राहिली होती, कांचनची. आणि एक दिवस वहिनी आपण होऊन मला म्हणाली, "ताईला म्हणावं, ये. पुस्तक देते तिच्या हातात." मी धावत टेलिफोन बूथवर गेले. फोनवर नीरा रडायलाच लागली. "बोलावलं? तिनं बोलावलं? तिनं स्वतः?"

ती आली तेव्हा तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि येताना मांडवीतून बांगड्या आणल्या होत्या, हिरव्या. वहिनीनं चहा केला, शेव-चिवडा ठेवला, पाहुण्यांना ठेवतात तसा. बांगड्यांचं पुडकं टेबलावरच राहिलं. नीरा इकडचं तिकडचं बोलत होती, तुझी तुळस छान वाढलीय, इथे पाणी किती वेळ येतं. मग तिनं पिशवीतून टाक काढला, शाईची बाटली काढली, ब्लेड काढलं, सगळं टिपकागदावर मांडलं आणि म्हणाली, "आण."

वहिनीनं ग्रंथ आणून तिच्यापुढे ठेवला. नीरानं पान उघडलं.

मी तिच्या खांद्यावरून बघत होते. वामन, नीरा, कांचन. कांचनच्या नावापुढे छापलेलं जसंच्या तसं होतं, बालपणी निवर्तली. आणि वर, नीराच्या नावापुढे, "शिक्षिका. अविवाहित." असं असायला हवं होतं, तिथेही तेच, बालपणी निवर्तली. तेच गोल अक्षर, तेच वळण. क्षणभर मला वाटलं, छापण्यातच चूक झाली. मग नीरानं त्या ओळीवर बोट फिरवलं. कागद खरखरीत होता. ब्लेडनं खरवडलेला.

 बाहेर भंगारवाला ओरडत गेला. वहिनी समोर उभी होती, हाताची घडी घालून. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं.

"अक्षर जमलंय का, ताई?" वहिनीनं विचारलं.

नीरानं पान उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, "जमलंय. वेलांटी अजून आखूड काढतेस." आवाज अगदी वर्गातल्यासारखा. तिनं टाक पुसला, बाटलीचं झाकण लावलं, ब्लेड कागदात गुंडाळलं. चहा संपवला. जाताना बांगड्या उचलायच्या का ठेवायच्या, तिला कळेना. मग ठेवून गेली.

फाटकाबाहेर मी तिला धरलं. "अगं, तुझं तू खोड ना! आणि तिचं दुरुस्त कर! त्यासाठीच आली होतीस ना?"

"बाकी सगळं दादानं माझ्या अक्षरात लिहिलं होतं, म्हणून मी खोडलं," ती म्हणाली. "हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. ते मी कसं खोडू?"

रिक्षा आली, ती बसली. त्यानंतर तिनं टाक हातात धरला नाही. शाळेनं मानपत्र मागितलं तर म्हणाली, बोटं चालत नाहीत. मांडवीलाही गेली नाही. दोन वर्षांनी वारली, गोत्रीच्या बंगल्यात, भाजी चिरता चिरता. निरोप माझ्याकडे आला, मी वहिनीला सांगितला. वहिनीनं गॅस बंद केला, न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून आंघोळ केली. बाहेर आली तेव्हा हातात त्या हिरव्या बांगड्या होत्या. मग तिनं ग्रंथ आणून माझ्या मांडीवर टाकला. म्हणाली, "वन्सं, हा तुमच्या कपाटात ठेवा, माझ्या नजरेसमोर नको."

तो आता माझ्या कपाटात आहे. दप्तरदारांच्या बाकीच्या प्रती कुणाकुणाच्या घरी असतील. ज्यांना तिचा टाक लागला, त्यांत नीरा शिक्षिका आहे आणि कांचन तरसालीला नांदते आहे. माझ्याकडच्या प्रतीत दोघी बहिणी लहानपणीच गेल्या आहेत, एकाखाली एक, एकाच अक्षरात.